पावसाचं नाव न घेता

वैशाखातल्या एखाद्या रात्री कसाऱ्याला लोकलमधून उतरावं आणि खोडाळ्याच्या रस्त्याने मोखाड्याकडे निघावं. दिवसभर तापलेला कातळ अजून ऊब सोडत असतो. भाताची खाचरं कोरडीठाक, त्यांत मधेच काळे चौकोन दिसतात, त्या राब भाजल्याच्या खुणा. मोहाची फुलं वेचून झालेली. विहिरीच्या काठावरची हंड्यांची रांग रात्रीही मोडलेली नसते. भातसा, तानसा, वैतरणा या धरणांचं पाणी याच डोंगरांतून मुंबई-ठाण्याच्या नळांना जातं आणि डोंगरांच्या कुशीतले पाडे मात्र चैत्र सरला की टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. अशा अंधारात, गाव दोन वळणं लांब असतानाच, संबळ ऐकू येतो. आधी नुसता घुमारा, मग त्यावर चढत जाणारी टणत्कारी लय, आणि बऱ्याच वेळाने सनई. गडकरी रंगायतनच्या तिसऱ्या घंटेवर वाढलेल्या माझ्यासारख्या ठाणेकराला या नाटकाने पहिल्यांदा शिकवलं ते हे, की प्रयोग गावाच्या वेशीबाहेरच, कानातून सुरू होऊ शकतो.

बोहाडा हे त्या नाटकाचं नाव. कुठे त्याला भोवाडा म्हणतात, कुठे भवाडा, कुठे आखाडी. मोखाडा, जव्हार, विक्रमगड, शहापूर आणि पलीकडे नाशिकच्या सुरगाणा-त्र्यंबक भागात महादेव कोळी, कोकणा, वारली, ठाकर या समाजांची गावं मुखवटे चढवून हा खेळ रात्र-रात्र नाचतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा होईपर्यंत यातला बराचसा मुलूख ठाणे जिल्ह्याचाच होता, आणि शहापूर आजही आहे. बोहाडा कशासाठी, असं गावात विचाराल तर उत्तर एकच मिळतं: पाऊस वेळेवर पडावा, पीक यावं, रोगराई गावात शिरू नये. हवामानाच्या संकटाला सामोरं जाणारं संगीतनाट्य हल्ली जगभर शोधलं जातं. आपल्या लोकलच्या शेवटच्या स्टेशनापलीकडे ते पिढ्यान् पिढ्या उभं आहे. आणि त्याच्या बांधणीतली पहिली नजाकत अशी, की रात्रभर गणपती येतो, रावण येतो, नरसिंह येतो, भीम आणि बकासुर येतात, पण पाऊस म्हणून कुणीही येत नाही. ज्याच्यासाठी सगळा मांड मांडला त्याचं सोंग या नाटकात नाही. त्याची जागा रिकामी ठेवली आहे, आणि ती रिकामी आहे हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक आहे.

वेळेची निवड पाहा. होळी उलटली की बोहाड्याचे दिवस लागतात आणि चैत्र-वैशाखात ते रंगात येतात. भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर, ठाण्याच्या नाक्यांवर दिवाळीनंतर गेलेली माणसं शिमग्याला घरी येतात, पुन्हा जातात, आणि पावसाआधी पावसाळाभरासाठी परततात. शेताला अजून काम नाही, आणि आभाळालाही नाही. वर्षातला सर्वांत कोरडा, सर्वांत रिकामा तुकडा नेमका हेरून त्यात हा उत्सव बसवलेला आहे. याच मुलखातला तारपा याच्या बरोबर उलट टोकाला वाजतो. पाऊस संपून भात पिकलं, नवं धान्य घरात आलं, की दुधी, बांबू आणि ताडाची पानं यांचं ते लांबलचक वाद्य बाहेर निघतं. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना त्या वादनासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आहे. तारप्यात कृतज्ञता आहे, बोहाड्यात आर्जव. वर्षाच्या दोन कडा दोन वाद्यांनी शिवून घेणाऱ्या या लोकांची कालाची जाण पाहिली की संगीत नाटकातल्या रागसमयाची आठवण होते. इथे प्रहराच्या जागी ऋतू धरलेला आहे एवढंच.

रंगमंच म्हणजे गावाचा मुख्य रस्ता. एका टोकाला देवीचं देऊळ, दुसऱ्या टोकाला अंधार. सोंग अंधारातून निघतं आणि नाचत-नाचत देवळाकडे येतं. पडदा नाही, विंग नाही, पण ‘प्रवेश’ या शब्दाचा इतका शुद्ध अर्थ मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आधी टेंभा दिसतो, मग टेंभ्याच्या मागे रंगांचा एक ठिपका, मग दोन डोळे. मी पाहिलं त्या रात्री टेंभेवाला सोंगाकडे तोंड करून उलट पावलांनी चालत होता. ज्वाला वाऱ्याने कलली की मुखवट्याच्या गालावरची सावली सरकायची आणि रंगवलेल्या ओठांची कड हलल्यासारखी वाटायची. पुढे एका चौकात मोठा हॅलोजन लावलेला होता. त्या पांढऱ्या झोतात शिरताच तोच मुखवटा सपाट पडला, आणि झोत ओलांडून टेंभ्याच्या उजेडात येताच पुन्हा जिवंत झाला. मुखवटा करणाऱ्याने नाकाची धार जरा जास्तच उभी आणि खोबण जरा जास्तच खोल का ठेवली, हे त्या दहा पावलांत कळलं. हलत्या उजेडाचा हिशेब लगद्यातच कालवलेला होता.

सुरुवातीला गणपती येतो आणि त्याच्यामागे शारदा. मराठी रंगभूमीचा अभ्यासक इथे थबकेल. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा त्यांच्या खेळांची सुरुवातही गणपती आणि मोरावरून नाचत येणारी सरस्वती यांनीच होत असे. नाटकघरांतून तो मोर केव्हाच उडून गेला. इथे तो अजून आहे. शारदेचं सोंग घेणाऱ्या पुरुषाच्या कमरेला बांबूच्या कामट्यांचा मोर बांधलेला असतो, आणि तो नाचतो तेव्हा वाहन आणि त्यावरची देवी दोघंही एकाच गुडघ्यांच्या लयीवर चालतात. वरचा देह संथ, देवीचा. खालचा चपळ, पक्ष्याचा. एका माणसाने दोन लयी दोन देहांना वाटून द्यायच्या ही सोपी गोष्ट नाही. शिवाय विद्येची देवी आधी येते ती विद्येसाठीच, हे खरं. पण पावसाळ्याच्या तोंडावर कोरड्या रस्त्यावर पहिल्याने नाचणारा प्राणी मोर असावा, हा योगायोग मला योगायोग वाटत नाही. पावसाचं नाव न घेता पावसाची पहिली खूण मंचावर आली. ती इतकी अलगद, की डोळे शारदेच्या मुखवट्यावरच खिळलेला प्रेक्षक तिला हमखास मुकतो.

आता संगीताकडे. साथीला संबळ आणि सनई, क्वचित पिपाणी. संबळ म्हणजे जोडून बांधलेली दोन भांडी: एक लहान, चढ्या आवाजाचं, दुसरं मोठं, घुमणारं. एका काठीचं टोक सरळ, दुसरीचं वळलेलं. सरळ काठी अक्षर स्पष्ट उमटवते, वळलेली काठी त्याला खालून शेपूट लावते. गोंधळात हेच वाद्य शब्दांची साथ करतं. इथे मुखवटा बोलत नाही, म्हणून संवादाचं सगळं ओझं संबळावर येतं. सोंगागणिक चाल बदलते. गणपतीची चाल भरदार, मात्रांना पूर्ण वजन देणारी, पोट सावरत चालणाऱ्याची. रावण निघाला की तीच लय जड राहूनही अंतर टाकू लागते. दोन ठोक्यांमध्ये जी फट पडते तिच्यात तो दहा तोंडांची चौकट तोलून धरतो आणि मग पुढचं पाऊल टाकतो. त्राटिका आली की बारीक भांड्यावर नुसती झड लागते, आणि पोरं पळायच्या तयारीने मागे सरकतात. मोखाड्याकडच्या जुन्या जाणत्यांना डोळे मिटूनही कोणतं सोंग निघालं ते सांगता येतं. संगीत नाटकात पदाच्या चालीवरून पात्राचा स्वभाव ओळखू यावा ही आपली अपेक्षा असते. इथे पद नाही, शब्द नाही, केवळ ठोक्यांच्या मांडणीतून स्वभाव उभा राहतो, आणि तो इतका नेमका की एका सोंगाची चाल दुसऱ्याला चुकून लागली तर गाव लगेच हसेल.

सनईवाल्याकडे थोडं अधिक लक्ष द्यावं. लग्नातली सनई आणि ही सनई यांत फरक आहे. इथे सूर सलग धरून ठेवलेला असतो. गाल फुगवून, नाकाने श्वास आत घेत, वादक सूर तुटू देत नाही. संबळ सोंगाच्या पावलांबरोबर थांबतो, उसळतो, अडखळल्याचं नाटक करतो. सनई मात्र चालूच राहते. दोन सोंगांच्या मधल्या पोकळीतही ती पूर्णपणे मिटत नाही. त्यामुळे रात्रभर वेगवेगळ्या पुराणांतली, एकमेकांशी संबंध नसलेली माणसं रस्त्यावर येऊन गेली, तरी खेळ तुकड्यांचा वाटत नाही. एका लांब श्वासावर सगळी सोंगं ओवलेली राहतात. तो श्वास पन्नाशी उलटलेल्या, दिवसा दुसऱ्याच्या आंब्यांची राखण करणाऱ्या एका माणसाचा होता हे मला पहाटे कळलं.

मुखवट्यांबद्दल सगळेच बोलतात, आणि बोलावंच. कागदाचा लगदा, काही ठिकाणी लाकूड, वर भडक रंग, डोक्यावर उंच मुकुट किंवा कामट्यांची चौकट. पण घरच्या भिंतीवर टांगलेला बोहाड्याचा मुखवटा म्हणजे कपाटातली सनई. तो चालतो तेव्हाच असतो. त्याचं वजन असं असतं की नाचणाऱ्याला मान वेगळी वळवता येत नाही. वळायचं तर छातीसकट, पाहायचं तर कमरेपासून. या अडचणीतूनच अभिनय घडतो. खांदे न हलवता गुडघ्यांत दबून नरसिंह अर्धा वळतो, क्षणभर थांबतो, आणि ते थांबणं नजरेसारखं लागतं. जपानच्या नो नाट्यात मुखवटा किंचित वर उचलणं म्हणजे तो ‘उजळवणं’ आणि खाली झुकवणं म्हणजे त्यावर ‘ढग आणणं’. आभाळाचेच शब्द त्यांनी चेहऱ्याला लावले आहेत. आपल्या सोंगाड्यांकडे त्यासाठी शब्द मी ऐकला नाही, कृती मात्र पाहिली. देवळासमोर पोचल्यावर मुखवटा बोटभर खाली जातो. एवढ्या उग्र रंगांचा, सुळे काढलेला चेहरा त्या बोटभर झुकण्याने नम्र होतो, आणि आपणही नकळत मान लववतो.

कोणतं सोंग कुणी घ्यायचं हे बहुतेक गावांत ठरलेलं. अमक्या घराण्याकडे भीम, तमक्याकडे खंडेराव. मुखवटा वर्षभर त्या घरात असतो, त्याची पूजा होते, आजोबाने चढवलेलं सोंग नातू चढवतो. स्त्री-सोंगंही पुरुषच घेतात. यातली कलेच्या दृष्टीने मोलाची गोष्ट म्हणजे भूमिका वाटण्याचा प्रश्नच उरत नाही, तिच्यात मुरण्याला आयुष्य मिळतं. बालगंधर्वांची भामिनी लोकांनी पुनःपुन्हा पाहिली ती ‘पुढे काय’ म्हणून नव्हे. इथेही साठ वर्षांचा प्रेक्षक त्या घरचा भीम तिसऱ्या पिढीत पाहत असतो, आणि बापाच्या पावलात जो ठसका होता तो पोराच्या पावलात उतरला का, एवढंच बारकाईने बघतो. माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी एका गिरकीवर मान डोलावली. दाद म्हणून तेवढं पुष्कळ होतं.

सोंग आणि सोंग यांच्या मधला रिकामा वेळ हा नवख्याला खटकतो. एक सोंग देवळापर्यंत पोचलं, की पुढचं निघायला कधी वीस मिनिटं लागतात, कधी अर्धा तास. लोक बिडी पेटवतात, लेकरं आईच्या मांडीवर झोपी जातात, भज्यांच्या कढईभोवती गर्दी होते. पहिल्या वर्षी मी घड्याळ पाहत होतो. दुसऱ्या वर्षी उमगलं की हा ढिसाळपणा नाही. सगळं गाव अंधाराच्या एका टोकाकडे तोंड करून बसलं आहे, काहीतरी येणार आहे हे नक्की, केव्हा येणार ते हातात नाही. पावसाळी भातशेती करणाऱ्यांच्या आयुष्यातला सर्वांत ओळखीचा अनुभव तो हाच. खेळाच्या रचनेनेच तो आतून बाहेर काढून रस्त्यावर मांडला आहे. वाट पाहण्याला इतका विस्तार देण्याची हिंमत एरवी विलंबित ख्याल गाणाऱ्यांतच दिसते.

ही रचना ऋतूला किती घट्ट बांधलेली आहे ते ऋतू सरकला की कळतं. मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सरासरी तारीख ११ जून. २०२५ साली तो २६ मे रोजी आला, तेव्हा वैशाख अजून संपलाही नव्हता, आणि त्याआधीही मे महिनाभर राज्यात अवकाळी सरी कोसळत होत्या. आर्जव पुरं होण्याआधीच उत्तर दारात येऊन उभं राहिलं, तर नाटकाचं काय होतं? होतं ते आधी वस्तूंना होतं. संबळाच्या कातड्याला दमट हवा सोसत नाही. ते सैलावतं, चढं भांडं उतरतं आणि घुमणारं बसतं. अशाच एका दमट रात्री मी संबळवाल्याला दर दोन सोंगांनंतर वाद्य निखाऱ्याजवळ धरताना पाहिलं. अंगठ्याने कातडं दाबायचा, कान लावायचा, पुन्हा उबेला धरायचा. त्याचा अंगठा त्या रात्री हवामान खात्याचं काम करत होता. लगद्याचे मुखवटे ओलीला मऊ पडतात, रंग धरत नाहीत, म्हणून ढग दाटले की सोंगं घाईने निघतात, आणि घाईत पहिला बळी जातो तो त्या मधल्या रिकाम्या वेळाचा. ही घट किती बारीक आहे पाहा. खेळ बंद पडलेला नाही, सोंगं तीच, चाली त्याच, फक्त वाट पाहायला अवधी कमी उरला. ज्याला बोहाडा कळतो त्याच्या काळजाला नेमकं तिथे लागतं.

जगाच्या रंगभूमीवर या विषयाला हात घालणारी चांगली कामं झाली आहेत. २०१९ साली ब्रॉडवेवर आलेल्या अनाइस मिचेल यांच्या ‘हेडीजटाउन’ या संगीतिकेत धान्यदेवतेची मुलगी पर्सेफोनी आणि पाताळाचा राजा यांच्या संसारात बिनसतं आणि वरच्या जगाचे ऋतू विसकटतात. वारल्यांची धान्यदेवता कणसरी आणि घांगळीच्या साथीने तिची कथा गाणारे भगत ज्यांना माहीत आहेत, त्यांना ती गोष्ट परकी वाटणार नाही. त्याच वर्षी व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात ‘सन अँड सी’ या लिथुआनियाच्या ऑपेराला सुवर्णसिंह मिळाला. बंदिस्त दालनात खरीखुरी वाळू पसरलेली, तिच्यावर सुट्टी घालवायला आलेली माणसं पडल्या-पडल्या गातात आणि प्रेक्षक वरच्या गच्चीतून वाकून पाहतात. गाण्यांत संकटाची आरोळी नाही, किरकोळ सुखदुःखं आहेत. आणि त्यांच्या फटींतून तापत चाललेली पृथ्वी जाणवत राहते. न सांगता सांगण्याची ती रीत मला फार आवडते. पण तिथला प्रेक्षक वर गच्चीत आहे. बोहाड्यात त्याच्यासाठी गच्ची बांधलेलीच नाही. जो दाद देतो त्याचंच खाचर उद्या ओलं व्हायचं असतं किंवा कोरडं राहायचं असतं, म्हणून त्या आजींच्या मान डोलावण्यात रसिकताही होती आणि जिवाची काळजीही, आणि दोन्ही एकाच हालचालीत मावलं होतं.

पहाट व्हायच्या बेताला मोठी देवी निघते. जगदंबा आणि महिषासुराचं युद्ध हा बोहाड्याचा शेवट. टेंभे मंदावलेले, पूर्वेला आभाळ राखाडी, आणि रात्रभरात पहिल्यांदाच उजेडाचा स्रोत माणसाच्या हातात नसतो. हा प्रवेश याच वेळेला ठेवण्यातली दृष्टी थक्क करते. टेंभ्याच्या उजेडात मुखवटा हलताना दिसला. पहाटेच्या सपाट, सावली नसलेल्या उजेडात तो अगदी स्थिर, जणू कोरलेला दिसतो. सगळी सोंगं माणसं होती, ही मूर्ती होते. नाचणाऱ्याच्या अंगात वारं येतं, बायका नारळ आणि हळदकुंकू घेऊन पुढे सरसावतात, आणि ‘प्रयोग’ व ‘पूजा’ यांच्यामधली रेघ कुठे होती ते सापडेनासं होतं. समोर शिंगांचा महिषासुर. त्याच्या चालीत मला दरवेळी एक ओळखीची गोष्ट दिसते: पाय चिखलातून उपसून काढावेत तशी त्याची पावलं. रस्ता धुळीचा आहे, चिखल कुठेच नाही. पण इकडच्या खाचरांत चिखलणीला बैलांबरोबर रेडेही जुंपतात, आणि ज्याने लहानपणापासून ती जनावरं हाकली त्याच्या गुडघ्यांना रेड्याची चाल शिकवावी लागत नाही. पुराणातल्या राक्षसाच्या पावलांत जूनमधला चिखल असा आगाऊच येऊन बसलेला असतो. मोराने सुरू झालेली खूण रेड्याच्या पावलांनी पुरी होते. दोघांच्या मध्ये अख्खी रात्र आहे आणि शब्द एकही नाही.

महिषासुर पडतो, सनई थांबते. अख्ख्या रात्रीतली पहिली खरी शांतता, आणि तिच्यात कावळ्यांचा आवाज मोठा वाटतो. मुखवटे उतरतात तेव्हा खालचे चेहरे घामाने निथळलेले आणि अगदी तरुण निघतात. भीमाला सकाळची लोकल धरून कल्याणला भट्टीवर परत जायचं होतं. त्याच्या कपाळावरचं कुंकू घामाने भुवईपर्यंत ओघळलं होतं आणि ते पुसायची त्याला घाई दिसली नाही. देवळाच्या पायरीवर संबळवाला वाद्य सोडत होता. फडक्यात गुंडाळण्याआधी त्याने अंगठा कातड्यावर ठेवला, दाबला, थोडा वेळ तसाच धरला, आणि मग काही न बोलता गाठ मारली.